घाटावरची गुरे आणि दुष्काळ

बुलढाणा जिल्ह्याचे बोलण्यात दोन भाग पडतात, घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटाखाली पूर्णेचे काळेभोर खोरे, खामगाव-मलकापूरच्या कापसाच्या पेठा आणि रेल्वे. घाटावर अजिंठ्याच्या रांगांचे पठार, मुरमाड माळ, मेहकर, सिंदखेडराजा आणि आग्नेय कोपऱ्यात लोणार. या माळावर पिकाचा भरवसा कमी, म्हणून जित्राबाचा जास्त. धनगर-हटकरांची मेंढरे, गवळ्यांच्या म्हशी, बंजाऱ्यांचे बैल आणि कुणब्याच्या दावणीची चार-सहा ढोरे एकाच गवतावर जगत. दुष्काळाच्या जुन्या नोंदींत माणसे मोजलेली सापडतात, जनावरे क्वचित. पण पाऊस परतल्यावर कुटुंब पुन्हा उभे राहणार की नाही, हे ठरे ते दावणीला काय उरले यावर.

पाण्याच्या बाबतीत लोणारची गोष्ट विचित्रच. गावाला लागून सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे उल्काविवर, त्याच्या तळाशी भलेमोठे सरोवर, आणि ते पाणी इतके खारे की जनावर तोंड लावत नाही. गोडे पाणी मिळते ते काठावरच्या झऱ्यांचे. त्यांतली गोमुखाची धार सर्वांत प्रसिद्ध. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारची नोंद केली. काच आणि साबणाला लागणारा खार येथे मिळतो असे सांगून त्याने बैलाचे तोंड कोरलेल्या झऱ्याचाही उल्लेख केला आहे. खाली कमळजा देवीजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचे पाणी गोडे व दुसऱ्या बाजूचे खारे असे लोक सांगतात. उन्हाळ्यात गुरे घेऊन फिरणाऱ्याला हा फरक आख्यायिकेपेक्षा जास्त उपयोगाचा होता.

याच ग्रंथात शेजारच्या वाशीम भागातल्या हटकरांचीही नोंद आहे. ते मानी आणि कोणाला न जुमानणारे असून त्यांच्याकडे 1000 घोडेस्वार व 5000 पायदळ आहे, असे ती सांगते. मेंढपाळ म्हणजे गरीब बिचारा, ही समजूत बरीच अलीकडची. शस्त्र बाळगणाऱ्या या लोकांचे वर्ष मात्र मेंढरांच्या पायाने चाले. पावसाळा आपल्या माळावर, आणि पिके निघाली की खांडवा घाटाखाली किंवा मराठवाड्याच्या बाजूला. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. लेंडीखत आणि मूत यांच्या बदल्यात धान्य मिळे. लोकरीची घोंगडी होत. गावातल्या गुरांची व्यवस्था वेगळी होती. पहाटे आखरावर सगळ्या घरांची ढोरे जमत, गावाचा गायकी ती रानात नेई आणि सुगीला जनावरामागे ठरलेले धान्य घेई. त्याच्या मालकीची गाय बहुधा एखादीच असे.

या सगळ्याचा आधार होता कडबा. गावरान ज्वारी माणसापेक्षा उंच वाढे. कणीस घरात, ताट गोठ्यात. एकाच पिकावर दोघांची पोटे, ही व्यवस्था चांगल्या वर्षी फार सोयीची. वाईट वर्षी तिचाच घात होई, कारण ज्वारी बुडाली की भाकरी आणि वैरण एकदमच जाई. शिवाय पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होते. उपाशी जनावर तिच्यावर तुटून पडले की घटकाभरात फुगून, थरथरून कोसळते. याला किरळ लागणे म्हणतात. शास्त्राच्या भाषेत ती सायनाइडची बाधा. दुष्काळात हिरवे दिसेल ते खाऊ द्यायचे नसते, हे गायकी पोरांना आधी शिकवले जाई.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि गवताची गणिते बदलू लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा आला. लोणारला रेल्वे आजही नाही. पण तिचा पहिला फटका घाटावरच्याच बंजाऱ्यांना बसला. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे तांडे वर्षभर चरत चरतच प्रवास करीत. आगगाडीपुढे तो व्यापार टिकला नाही. बैल विकून, उरलेली गुरे पोसत तांडे माळामाळांवर स्थिरावले. लोणार-मेहकरच्या परिसरात ते आजही आहेत.

दुसरा बदल कायद्याच्या वाटेने आला. चरायची पडीत जमीन नांगराखाली जात होतीच. उरलेल्या वनांची सरकारने तीन वर्गांत वाटणी केली: ‘अ’ वर्ग लाकूडफाट्याचा, ‘ब’ वर्ग राखीव गवताच्या रमण्यांचा, ‘क’ वर्ग चराईचा. चराईला दर जनावरामागे पैसे पडू लागले. गावाच्या गायरानाला वऱ्हाडात अजूनही ‘ई-क्लास’ म्हणतात, तो याच महसुली वर्गीकरणाचा अवशेष. कारकुनाच्या वहीतली इंग्रजी अक्षरे अशी गायक्याच्या तोंडी बसली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस, गुरे आणि दुष्काळ यांवर दोन ग्रंथ लिहिले. कुरणे आकसल्यामुळे इथली गुरे दुष्काळाच्या आधीच दुबळी झाली होती, हा त्यांचा मुद्दा. तो खोडून काढणे अवघड आहे. कापूस पैसा देतो, पण त्याच्या पऱ्हाटीचा कडबा होत नाही.

1896-97 चा दुष्काळ वऱ्हाडाने कसाबसा काढला. 1899 चा पाऊस मात्र पुरता रुसला. गुजरात-खानदेशात छप्पन्याचा काळ म्हणून ओळखला जाणारा हा दुष्काळ माणसांइतकाच गुरांचा होता. एरवी एका बाजूला अवर्षण पडले की दुसऱ्या बाजूला जायची वाट मेंढपाळाला माहीत असे. या वर्षी खानदेश, निजामाचा मराठवाडा, वऱ्हाड सगळीकडे तीच गत. कळप हलवून उपयोग नव्हता.

अशा वेळी घरात एक क्रम ठरतो, आणि तो निर्दय असतो. आधी भाकड जनावरे आणि गोऱ्हे बाजाराला जातात. मग म्हैस, कारण तिला पाणी फार लागते. गाय त्यानंतर. बैलजोडी शेवटपर्यंत धरून ठेवायची, कारण बैल गेले तर पाऊस येऊनही पेरणी होत नाही. सगळे एकदम विकायला निघाल्याने बाजार कोसळतो. वड, पिंपळ, उंबर यांचे डहाळे छाटून आणले जातात. ते संपले की छपरावरचे जुने, धुराने काळे पडलेले गवत उतरते. मुंबई इलाख्यात तर निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांना घालण्याचे प्रयोग झाले. शेवटी जनावर ‘बसते’. बसलेली गाय आपली आपण उठत नाही, आणि एका कुशीवर पडून राहिली तर आतून सडते. म्हणून दोघे पोटाखाली बांबू घालतात, तिसरा शेपटी धरतो, तिला उभी करून पाय चोळतात. दिवसातून तीन-चार वेळा. हे करणारी माणसेही अर्धपोटी असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बांबू भिंतीला टेकवून ठेवला जातो.

सरकारने राखीव रमण्यांतले गवत खुले केले, कापून पाठवण्याचीही खटपट केली. पण गाडीरस्त्याने घाटावर गवत आणायचे तर ओढायला बैल हवेत, आणि बैलांना वाटेत वैरण हवी. हा हिशेब दूरच्या गावांना परवडणारा नव्हता. 1901 च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 4,23,616 भरली; दहा वर्षांत सुमारे 12 टक्क्यांची घट. त्यात मेलेले किती आणि निघून गेलेले किती, हे आकडा सांगत नाही. 1900 चा पाऊस आल्यावर पेरणीला बैल नाहीत म्हणून सावकाराच्या दारी गेलेल्या घरांच्या जमिनी पुढच्या काही वर्षांत हातच्या गेल्या. मेंढपाळाकडे गहाण टाकायला जमीनही नव्हती. कळप गेला की तो थेट मजूर झाला.

1972 चा दुष्काळ अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला होता. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव अशी कामे निघाली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसे त्यांवर होती. अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी खाऊन लोक जगले, भूकबळींची 1900 सारखी रास पडली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी पुढे 1977 च्या कायद्याने हक्काची झाली. मात्र खडी फोडून मिळालेल्या मजुरीत भाकरी येई, वैरण नाही. दिवसभर कामावर असलेल्या घरात गुरांमागे जायला माणूसही उरत नसे. माणसाला वाचवणारी व्यवस्था उभी राहिली. दावणीला मात्र अधूनमधून चारा डेपो आणि छावण्या एवढेच आले.

त्यानंतरची घसरण दुष्काळाची वाट न पाहता झाली. संकरित ज्वारी बुटकी निघाली, कडबा आखूड झाला. मग सोयाबीनने ज्वारीलाच बाजूला सारले. त्याचे कुटार मळणीनंतर आठवडाभर ढिगाने दिसते, पण कडब्याची सर त्याला नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडीची गरज आटली. 2015 मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळेना, आणि अवर्षणात आधी भाकड विकायचे हा जुना क्रमही मोडला. ई-क्लास जमिनींवर अतिक्रमणे झाली, वेडी बाभूळ माजली. 2000 साली लोणारचे विवर अभयारण्य झाले, 2020 मध्ये रामसर यादीत गेले. उतारावरची चराई थांबली. सरोवराच्या दृष्टीने ते योग्यच होते.

मेंढपाळांसाठी राज्याने 2017 मध्ये महामेष योजना आणली, 20 मेंढ्या आणि एक नर देणारी. चरायला जागा मात्र योजनेतून मिळत नाही. दिवाळीनंतर मेंढपाळांचे काही वाडे अजूनही घोड्यांवर संसार लादून रस्त्याच्या कडेने निघतात. सोयाबीन निघालेल्या, अजून तणनाशक न मारलेल्या रानांचा पत्ता ते आधी मोबाइलवर विचारून घेतात.