पगाराच्या स्लिपवरचे २०० रुपये: रोजगार हमीची गोष्ट

भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम. तुमची पगाराची स्लिप उघडा आणि कपातीचा रकाना बघा. 'पी. टी.' म्हणजे व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. अंधेरीच्या एमआयडीसीत काम करा नाहीतर मुलुंडच्या बँकेत, बहुतेकांचा आकडा हाच.

हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला. कशासाठी? तर खेड्यातल्या माणसाला काम मिळावं म्हणून. आजची गोष्ट त्याचीच.

सुरुवात होते सांगली जिल्ह्यात. वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, गांधीवादी, आणि १९६० पासून विधान परिषदेचे सभापती. त्यांचं म्हणणं साधं होतं. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला सरकारने काम द्यायलाच हवं. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये राज्यभरासाठी योजना जाहीर झाली, आणि नेमका तेव्हाच तो मोठा दुष्काळ पडला.

बहात्तरचा दुष्काळ तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, सगळं सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. बरीच कुटुंबं मात्र गाव सोडून निघाली. मराठवाड्यातून आलेली किती तरी घाटकोपर, चेंबूर, मानखुर्दकडे उतरली आणि इथलीच झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. दुष्काळी कामं काही नवीन नव्हती, इंग्रजांच्या काळापासून चालत आली होती. पण ती कधी निघायची? आणेवारी घसरली, सरकारने टंचाई जाहीर केली, तर. म्हणजे उपाशी कोण, हे साहेब ठरवणार. पागेंच्या योजनेने हे उलटं केलं. काम हवंय का, हे मजूर ठरवणार, आणि मागितलं की सरकार बांधील. मदत आणि हक्क यांतला फरक तो हाच.

राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्याच्या जोरावर कोर्टात जाऊन काम मागता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाचा कायदा केला. १९७७ चा रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता किती, तर दिवसाला निदान एक रुपया! रक्कम हसण्यासारखी, पण सरकारवर देणं लागू होणं, ही गोष्ट मोठी होती. बाई आणि पुरुष यांच्या मजुरीचा दर एकच. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर, हेही नियमात होतं. म्हणूनच बायका फार मोठ्या संख्येने या कामांवर आल्या.

पैसा कुठून आला? व्यवसाय कर, विक्रीकरावरचा अधिभार, मोटारींवरचा वाढीव कर, बागायती जमिनीवरची आकारणी. जितका कर गोळा होईल तितकीच भर राज्याने टाकायची. यात व्यवसाय कराचा वाटा मोठा, आणि तो भरणारी मुख्यतः मुंबई. मुंबईचा यात स्वार्थ नव्हता असंही नाही. गावात काम मिळालं तर लोंढे थांबतील, हा हिशोब होताच. पण नोकरदाराच्या खिशातून भूमिहीन मजुराच्या हातात दरवर्षी, कायद्याने पैसा जात होता. विषमता कमी करायची म्हणजे आणखी वेगळं काय करायचं असतं?

सगळं छान झालं असं मात्र नाही. खोटी मस्टर निघाली, मजुरी थकली. विहिरी, पाझर तलाव झाले, पण त्यांचा जास्त फायदा जमीन असलेल्यालाच झाला. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली, आणि त्यानंतर कामं काढण्यात हात आखडता घेतला गेला. हक्क कागदावर तोच राहिला, पण मागणाऱ्याला हेलपाटे वाढले. तरीही २००५ मध्ये संसदेने ग्रामीण कुटुंबांना १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, तेव्हा देशापुढे नमुना होता तो महाराष्ट्राचाच.

शेवटी परत आपल्या उपनगरात येऊ. सकाळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही मजूर नाक्यावर बघा. गवंडी, रंगारी, बिगारी डबा घेऊन उभे असतात. दुष्काळी जिल्ह्यांतून आलेले त्यांत खूप. मुकादम आला तर काम, नाहीतर ऊन चढल्यावर डबा तसाच घेऊन घरी. गावात त्यांना कामाची हमी मागता आली असती. इथे, म्हणजे ज्या शहराने त्या हमीचे पैसे भरले तिथे, ती लागू नाही. पागेंनी जो प्रश्न तासगावात विचारला, तो नाक्यावर कुणीतरी विचारायचा राहिलाय.

स्लिप बंद करा आता. भेटू पुढच्या भागात.