मोलची कुळकथा

भाजे गावातून लेण्यांना बगल देऊन एक वाट लोहगडावर चढते. गडावर दर्ग्याबाहेर बांधकामाचा चुना मळायचा घाणा आजही आहे. चुना घाण्यात येण्याआधी भट्टीतून जातो. चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. रसायनशास्त्राच्या गृहपाठात हीच चुनखडी भेटते: २५० ग्रॅममध्ये किती मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायची किती एककं? कॅल्शियमचे ४०, कार्बनचे १२, ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८, बेरीज १००; म्हणजे एक मोल १०० ग्रॅमचा. २५० भागिले १००, उत्तर अडीच मोल. शुद्ध चुनखडीच्या एका मोलमागे ५६ ग्रॅम कळीचा चुना मिळतो, म्हणजे अडीच मोलचे १४० ग्रॅम.

भागाकार मुलांना जमतो. ती अडतात त्या १०० पाशी, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. असे आकडे ठरवताना रसायनशास्त्रज्ञांचंच अर्धं शतक गेलं. जॉन डाल्टन पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा एकेकच अणू धरायचे, त्यामुळे ऑक्सिजनचं अणुवस्तुमान निम्म्यावर यायचं. समान तापमान आणि दाबाला समान आकारमानाच्या वायूंत रेणूही समान असतात, हे इटलीच्या आमेदेओ आव्होगाद्रोंनी १८११ मध्ये मांडलं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. गोंधळ एवढा, की एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची १९ सूत्रं रसायनशास्त्रज्ञ केकुले यांनी आपल्या ग्रंथात नोंदवली. सूत्रच ठरेना, तर बेरीज कशाची करायची?

१८६० च्या सप्टेंबरात जर्मनीत कार्ल्सरुहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे निर्णय झाला नाही, पण इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारो यांची एक पुस्तिका वाटली गेली. आव्होगाद्रोंचा विचार धरून अणुवस्तुमानं कशी काढायची, हे तिच्यात स्वच्छ सांगितलेलं होतं. या कथेचं मोठं श्रेय मी त्या पुस्तिकेला देईन.

पुढचा प्रवास सरळ आहे. १८९० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांनी ‘मोल’ हे नाव रूढ केलं, १९०९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पेरँ यांनी मोलमधल्या कणसंख्येला आव्होगाद्रोंचं नाव दिलं, १९७१ मध्ये मोल आंतरराष्ट्रीय मूलभूत एककांत आला. २० मे २०१९ पासून ती संख्या नेमकी ठरली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात.

नववीला शिकवणाऱ्यांना एक विनंती. सूत्र पाठ करून घेण्याआधी ४०, १२ आणि ४८ ची बेरीज मुलांना स्वतः करू द्या.