चोवीस सप्टेंबर : पुण्याच्या दोन तारखा

चोवीस सप्टेंबर म्हटलं की आपल्याला पुणे करार आठवतो. आठवलाच पाहिजे. पण ह्याच पुण्यात, ह्याच तारखेला, एकोणसाठ वर्षं आधी आणखी एक गोष्ट घडली होती. मी ह्या दोन्ही तारखा एकत्र वाचतो.

२४ सप्टेंबर १८७३. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. म्हणणं सरळ : माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये दलाल नको. भटाला न बोलावता लग्न लावा, पोरापोरींना शाळेत घाला. हे सांगणाऱ्या माणसानं १८६८ सालीच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला होता. नुसतं बोलणं नव्हतं ते.

२४ सप्टेंबर १९३२. येरवड्याचा तुरुंग. ऑगस्टातल्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या. तिथं मत फक्त आपलं. वर सर्वसाधारण मतदारसंघात दुसरं मत. त्याविरुद्ध गांधींनी २० सप्टेंबरला आमरण उपोषण धरलं. त्यांचं बरंवाईट झालं असतं तर गावकुसाबाहेरच्या माणसांवर काय गुदरलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. बाबासाहेबांनी सही केली.

काही शहाणे विचारतात, ७१ च्या १४८ जागा झाल्या, मग रडता कशाला? रडत नाही, हिशेब मागतो. जागा वाढल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेला. आपण प्राथमिक निवडणुकीत चौघं निवडायचे, त्यातला कोण जाणार ते सगळ्यांच्या मतांनी ठरायचं. आणि गावात आपण मूठभर! फुल्यांनी देवाच्या दारातला दलाल हाकलला; करारानं तो मतपेटीपाशी आणून बसवला.

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची धूळधाण झाली. त्याच जुलैत फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी पुण्यातच कराराविरुद्ध सत्याग्रह केला. आणि त्याच साली बाबासाहेबांनी शूद्र पूर्वी कोण होते ह्यावरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला.

प्राथमिक निवडणूक कधीच गेली. पण राखीव जागेवरचा माणूस आजही संयुक्त मतदारसंघच निवडतो. म्हणून तो कुणाचं ऐकतो, हा प्रश्न जुना झालेला नाही. येत्या चोवीसला सभा घ्याल तेव्हा फळ्यावर दोन्ही सालं लिहा, आणि आपल्या भागातल्या राखीव आमदारानं आपल्या कोणत्या प्रश्नावर तोंड उघडलं, ते खाली मांडा.