दिनविशेष : ६ ऑगस्ट
मांडव्याच्या साबळेने केनियाला गाठले (२०२२)

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत याच दिवशी झाली. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक पटकावले. सुवर्ण केनियाच्या अब्राहम किबिवोटकडे गेले; अविनाशचे ते अवघ्या ०.०५ सेकंदांनी हुकले! १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत आला होता. ती मक्तेदारी दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पोराने मोडली. भारताचे या प्रकारातले हे पहिलेच राष्ट्रकुल पदक.

स्टीपलचेस म्हणजे नुसते पळणे नव्हे. जड, भक्कम, कंबरभर उंचीचे २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. पाय अडकला तर अडथळा पडत नाही, धावपटूच पडतो.

१३ सप्टेंबर १९९४ चा जन्म. बारावीनंतर अविनाश सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन दोन्ही अंगावर घेतले, आणि स्पर्धात्मक धावणे सुरू झाले ते त्यानंतर, म्हणजे तसे उशिराच. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. मग स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. पुढे ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला.