पत कोणाच्या वहीत?

नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींनी पहिलं क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं, हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात कसा, असं कुणी विचारील. आम्ही म्हणतो, प्रश्न जुनाच आहे. आपली पत कोण लिहितो, आणि लिहिलेलं आपल्याला वाचता येतं का?

लातूरच्या गंजात शेतकरी हंगामाआधी अडत्याकडून उचल घेई. बी-बियाणं, लग्न, दुखणं, सगळं एकाच वहीत चढे. माल आला की आधी उचल वळती होई. वही अडत्याची, अक्षरही त्याचंच. कुळाला बहुधा अंगठा तेवढा ठाऊक. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची खतं जाळली, ती याच संतापातून. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत सावकाराला पावती आणि हिशोब देणं भाग पडलं. आपला मुलूख निजामाचा. तो कायदा इथं आला नाही.

बँका उशिरा आल्या. हैदराबाद स्टेट बँक १९४१ ची. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत देशभरातल्या शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शंभरात एक रुपयाही भरला नाही, सावकारांचा मात्र सत्तरच्या आसपास. नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक निघाली ती १९७६ मध्ये. २००० साली सिबिल स्थापन झाली आणि पतीची वही दुकानातून संगणकात गेली. तिथं आपल्याला ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण मिळतात.

फरक एवढाच, आणि तो मोठा आहे: ही वही आपल्याला वाचता येते. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

व्याजाचं मात्र जुन्या भाषेतच समजून घ्या. कार्डावर 'दरमहा साडेतीन टक्के' लिहिलेलं असतं. आजोबा त्याला शेकडा साडेतीन म्हणाले असते आणि दचकले असते. समजा २०,००० रुपये थकले आणि 'किमान रक्कम' म्हणून तुम्ही १,००० भरले. त्यात व्याज ७००, त्यावर जीएसटी १२६. मुद्दल फिटलं १७४ रुपये! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

म्हणून पहिलं कार्ड निवडताना बक्षिसाचे पॉइंट नंतर बघा. वार्षिक फी नसलेलं, लहान मर्यादेचं घ्या. पगार सुरू नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड चालतं. पूर्ण बिल तारखेला खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला पहिल्याच दिवशी देऊन ठेवा. आणि वर्षाकाठी आपला अहवाल उघडून ओळीन् ओळ वाचा. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करून दुरुस्त करून घ्या. हा हक्क आपल्या पणजोबांना नव्हता.