स्वमग्न मुलाची रात्र: ठपक्याकडून मोजमापाकडे

१/ मध्यरात्र उलटली आहे. घर निजले आहे. एक मूल मात्र टक्क जागे आहे आणि त्याच्या उशाशी त्याची आई. निम्म्याहून अधिक स्वमग्न मुलांना झोपेचा त्रास असतो आणि अनेकांना तो मोठेपणीही सोडत नाही. हे जागरण कोणामुळे? या प्रश्नाचे उत्तर ऐंशी वर्षांत कसे पालटले, त्याचा हा धागा.

२/ १९४३. बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. एकटेपणाची ओढ, नित्यक्रमातील बदल न खपणे, मोठ्या आवाजांची धास्ती, हे सारे त्यांनी टिपले. झोपेला मुख्य लक्षणांत स्थान नव्हते. मात्र पालकांच्या भावनिक कोरडेपणाचा उल्लेख त्याच निबंधात होता.

३/ पुढे या उल्लेखाचा आरोप झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथातून आईला जबाबदार धरणारा विचार लोकप्रिय केला. अशा काळात मुलाच्या जागरणाचा ठपकाही घरावरच येणे ओघाने आले.

४/ याला उत्तर आधीच मिळाले होते. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. १९६४ च्या ग्रंथात त्यांनी कारण जैविक असल्याचे मांडले. त्याच दशकात लॉस एंजेलिस येथे एडवर्ड ऑर्निट्झ आणि सहकारी निजलेल्या स्वमग्न मुलांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवू लागले.

५/ दुसरा दुवा अनपेक्षित ठिकाणी सापडला. १९५८ मध्ये येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतील पिनियल ग्रंथीतून एक द्रव्य वेगळे केले. शोध त्वचेच्या रंगाचा होता. हाती आले मेलाटोनिन, अंधार पडताच शरीराला रात्रीची वर्दी देणारे संप्रेरक.

६/ १९९४ मध्ये व्हँकुव्हरच्या जेम्स जॅन आणि सहकाऱ्यांनी मज्जासंस्थेचे विकार असलेल्या मुलांच्या निद्रानाशावर मेलाटोनिन वापरल्याचे अनुभव मांडले. २००५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना स्वमग्न मुलांच्या गटात रात्री त्याचे प्रमाण कमी आढळले.

७/ मग हाच रामबाण उपाय? नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये मेंदूविकासाच्या समस्या असलेल्या १४६ मुलांवर चाचणी झाली. मेलाटोनिनने झोप अर्ध्या तासाहून अधिक लवकर लागली. पण जागही सुमारे अर्धा तास लवकर आली. पालकांच्या नोंदींनुसार एकूण झोप वाढली ती अवघी २२ मिनिटे.

८/ २०१४ मध्ये ६७ स्वमग्न मुलांवर वजनदार पांघरुणाची परीक्षा झाली. झोप वाढली नाही, तरी मुलांना आणि पालकांना तेच पांघरूण अधिक आवडले. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी क्रम लावून दिला: आधी आजार आणि चालू औषधे तपासावीत, मग झोपेची वेळ आणि सवयी बसवाव्यात, त्यानंतर वैद्यकीय सल्ल्याने मेलाटोनिन.

९/ ‘ऑटिझम’ हा शब्द ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ यावरून आला. मराठीनेही ‘स्वमग्नता’ म्हटले. पण २०१३ पासून निदानाच्या निकषांतच संवेदनांची तीव्रता नोंदली गेली आहे. पंख्याची घरघर, सदऱ्याची शिवण, दाराच्या फटीतला उजेड यांपैकी काहीही अशा मुलाला जागे ठेवू शकते. आपल्याला हट्ट वाटतो, तेव्हा आधी ती फट बुजवून पाहावी.