गाईंच्या सौद्यापासून

घोडेबाजार हा शब्द आपल्याकडे कुणी कौतुकाने वापरत नाही. स्वीडिश भाषेत घोड्याच्या जागी गाय आहे. तिकडचा शब्द ‘कूहांडेल’, म्हणजे गाईंचा सौदा, आणि तोही नाक मुरडूनच उच्चारला जातो. तरी स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला मी आधी १९३३ सालच्या अशाच एका सौद्याकडे नेईन. १८८९ मधली पक्षस्थापना, खगोलशास्त्र सोडून राजकारणात आलेले यालमार ब्रांटिंग, १८९८ मध्ये उभा राहिलेला कामगार संघटनांचा महासंघ हे सगळे मागाहून वाचले तरी बिघडत नाही.

दिवस महामंदीचे होते. पेर अल्बिन हान्सन आदल्या वर्षी पंतप्रधान झाले होते, पण संसदेत बहुमत नव्हते. बेकारांना सरकारी कामे द्यायची आणि मजुरीही चालू दराने द्यायची, हा अर्थमंत्री एर्न्स्ट विगफोर्स यांचा हट्ट. शेतकरी पक्षाला दुधालोण्याला भाव हवा होता. भाव वाढला की भुर्दंड शहरातल्या कामगाराला, म्हणजे सोशल डेमोक्रॅटांच्याच मतदाराला. स्वस्त अन्नासाठी वर्षानुवर्षे भांडलेल्या पक्षाने शेवटी महाग लोणी पत्करले आणि शेतकऱ्यांनी बेकारांवरचा खर्च. दोघांनाही आपापल्या घरी बोलणी खावी लागली असणार.

१९३२ ते १९७६ अशी ४४ वर्षे हा पक्ष सत्तेवर होता. खंड पडला तो १९३६ च्या उन्हाळ्यात, जेमतेम शंभर दिवसांचा. त्या मधल्या सरकारला स्वीडिश माणसे अजून ‘सुट्टीतले सरकार’ म्हणतात. एवढ्या काळाकडे पाहिले की वाटते, पाठीशी प्रचंड बहुमत असणार. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक मते त्याला मिळाली ती फक्त १९४० आणि १९६८ च्या निवडणुकांत. बाकी सगळी वर्षे कुणाला तरी सोबत घेऊन, कुणाचा तरी मान राखून काढलेली. १९३८ मध्ये साल्टश्योबाडेन इथे कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांनी संप-टाळेबंदीचे नियम आपापसांत ठरवले, सरकारला मध्ये न घेता. या पक्षाची जडणघडण मला त्याच्या जाहीरनाम्यांपेक्षा अशा वाटाघाटींत अधिक दिसते.

युद्धानंतरची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक. गोस्ता रेन आणि रुडोल्फ माइडनर या महासंघाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी सुचवले, की एकाच कामाला सगळीकडे एकच पगार असावा. ज्या गिरणीला तो परवडणार नाही, ती बंद पडू द्यावी. तिथल्या कामगारांना नवे काम शिकवून दुसऱ्या गावी हलवावे. बुडणारा कारखाना वाचवायला कामगार संघटनेनेच नकार द्यावा, हे गिरणी संपाच्या आठवणी असलेल्या मराठी वाचकाला पचायला जड जाईल. जड जावेच. उत्तरेकडची गावे रिकामी झाली, त्याचा राग आजही तिकडच्या राजकारणात आहे.

एक खोली मात्र चुकवू नये. हान्सन यांनी १९२८ मध्ये देशाला घराची उपमा दिली: कुणी लाडका नाही, कुणी सावत्र नाही. त्याच घराने १९३४ आणि १९४१ च्या कायद्यांनी कुणाला मुले व्हावीत तेही ठरवले. १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० नसबंद्या झाल्या, बहुतेक स्त्रियांच्या; सगळ्या जबरदस्तीच्या नव्हत्या, पण ‘संमती’ या शब्दाखाली बरेच काही दडले होते. कायद्यांना इतर पक्षांचाही पाठिंबा होता, हे खरे. त्याने सत्ताधाऱ्यांचा भार हलका होत नाही. लोकसंख्येच्या प्रश्नावर १९३४ मध्ये गाजलेले पुस्तक आल्वा आणि गुनार मिर्डाल या दांपत्याचे. पुढे १९५५ मध्ये आल्वाबाई स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीत आल्या, आणि गुनार यांनी आपल्याकडच्या दारिद्र्यावर ‘एशियन ड्रामा’ लिहिला. आपल्या बहुतेकांना मात्र स्वीडन म्हटले की पंतप्रधान उलोफ पाल्मे यांचा खून आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात झालेला बोफोर्सचा करार, एवढेच आठवते.

१९७६ नंतर पक्ष कधी हरला, कधी परतला. २०२२ मध्ये ३० टक्के मते घेऊन तो पहिला आला आणि तरी विरोधात बसला. या ऱ्हासावर ढीगभर लिहिले गेले आहे. त्यातले बरेच उतावीळ आहे.

गाईंच्या सौद्यात ज्यांना रस नसेल, त्यांनी १९५९ पासून सुरुवात करावी. नोकरीतल्या पगाराशी जोडलेल्या निवृत्तिवेतनाचा कायदा त्या साली कनिष्ठ सभागृहात ११५ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर झाला. तूरे क्योनिग्सोन हे विरोधी लिबरल पक्षाचे खासदार, मूळचे गोटेबोर्गच्या गोदीतले कामगार. पक्षाचा आदेश होता विरोधात मत देण्याचा. त्यांनी मतच दिले नाही.